‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ बसवताना : पट्टीपासून परवानगीपर्यंत

कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, ऑफिसातला निरोप समारंभ असो की घरी केलेलं रेकॉर्डिंग, हे गाणं बहुतेकांच्या हातून एकाच जागी निसटतं : शेवटच्या कोरसवर, म्हणजे ‘अँड आय विल ऑलवेज लव्ह यू’ या धृपदावर. दोष गळ्याला दिला जातो, पण खरी गडबड तयारीच्या क्रमात असते. आधी कराओके ट्रॅक उतरवला जातो, मग त्या ट्रॅकच्या पट्टीत गळा ताणला जातो, मग शब्द पाठ होतात, आणि हे गाणं आपल्या कार्यक्रमाला शोभतं का, हा प्रश्न आदल्या दिवशी कुणीतरी विचारतं. हा सगळा क्रम उलटा करायचा आहे. ट्रॅक जवळजवळ शेवटी येतो.

तीन आठवडे हाताशी ठेवा. रोज अर्धा तास पुरतो, पण सलग हवा. तार सप्तकातली जागा दोन दिवसांत बसत नाही.

## आधी हाताशी काय हवं

हार्मोनियम किंवा कीबोर्ड. नसेल तर मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप. वायरचा इयरफोन हवा, ब्लूटूथचा नको. आवाज उशिरा कानावर येतो आणि ताल हमखास मागे पडतो. शब्द लिहायला मोठा कागद आणि पेन्सिल. स्वतःला ऐकायला मोबाइलचा रेकॉर्डर.

शब्द हातानं लिहून काढा. इंटरनेटवरून छापलेल्या कागदावर श्वासाच्या खुणा करायला जागाच नसते, आणि तिथे कडवं गळालेलं असण्याची शक्यताही असते. ते कसं, हे पुढच्याच टप्प्यात येतं.

## टप्पा १ : कुणाचं गाणं गाताय ते ठरवा

या गाण्याची गाजलेली रूपं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. किमान तीन नीट ऐका.

डॉली पार्टन, १९७४. गाणं तिनंच लिहिलं, चालही तिचीच. नॅशव्हिलचं कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेलं) वळण, साधी साथ, तीन मिनिटांच्या आत संपणारं. शेवटचं कडवं ती गात नाही, बोलते. पट्टी शेवटपर्यंत एकच.

लिंडा रॉनस्टॅट, १९७५. कंट्री आणि रॉक यांच्या मधलं रूप. यात शेवटचं कडवं नाही.

व्हिटनी ह्यूस्टन, १९९२, ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी. पहिलं कडवं साथीशिवाय, मध्ये सॅक्सोफोन, शेवटच्या कोरसला पट्टी एक पूर्ण स्वर वर. साडेचार मिनिटं.

दोघांनी मिळून गायचं असेल तर चौथंही ऐका : डॉलीनं १९९५ मध्ये व्हिन्स गिलबरोबर केलेलं युगुलगीत.

ऐकताना कागदावर तीन रकाने पाडा आणि प्रत्येक रूपाचा क्रम लिहा : कडवं, कोरस, कडवं, कोरस, वाद्य, कडवं, कोरस. हे कंटाळवाणं वाटेल, पण इथेच बरंच काही उलगडतं. ह्यूस्टनचं गाणं तयार करणारी मंडळी रॉनस्टॅटच्या मुद्रणावरून काम करत होती. शेवटचं कडवं त्यात नाही, हे डॉलीनं त्या गाण्याचे संगीत-निर्माते डेव्हिड फॉस्टर यांना सांगितलं, म्हणून ते नव्या मुद्रणात आलं. फॉस्टर यांच्या हातून जे निसटत होतं, ते तुमच्या कागदावरूनही निसटू शकतं.

सावधान : तिन्हींची भेळ करू नका. डॉलीचं बोललेलं कडवं आणि त्याला लागून ह्यूस्टनची पट्टीची उडी, असं जोडकाम ऐकायला जाहिरातीसारखं लागतं. एक रूप पाया म्हणून घ्या. दुसऱ्यातली फार तर एक गोष्ट उचला, तीही कारण असेल तर.

माझं स्पष्ट मत : पहिल्यांदा गाणाऱ्यानं डॉलीचं रूप घ्यावं. ते सोपं आहे म्हणून नव्हे. त्यात गाण्याचा सांगाडा दिसतो. भावगीत गायलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटेल, कारण तिथेही शब्द पुढे आणि गळा त्यांच्यामागे असतो. तो सांगाडा पक्का झाला की ह्यूस्टनच्या रूपातलं कुठलं काम आपल्याला झेपेल, हे आपोआप कळतं.

## टप्पा २ : प्रसंग तपासा

हे प्रेमगीत आहे, पण निरोपाचं. पहिल्या कडव्यात बाई म्हणते, मी राहिले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून जाते. दुसऱ्यात गोड-कडू आठवणी एवढंच बरोबर नेते आणि सांगते, रडू नकोस, तुला हवी असलेली मी नाही. तिसऱ्यात त्याच्या पुढच्या आयुष्याला मनापासून शुभेच्छा. कोरस तेवढा ‘मी कायम तुझ्यावर प्रेम करेन’ म्हणतो, आणि लोक तेवढाच ऐकतात.

म्हणून हे गाणं साखरपुड्याला आणि रिसेप्शनला सर्रास गायलं जातं. नवरा-नवरी स्टेजवर येताहेत आणि गाणं म्हणतंय, मी निघाले. पाहुण्यांपैकी ज्यांना इंग्रजी नीट कळतं ते अवघडतात. यजमानांनी हट्ट धरला तर अर्थ समजावून सांगा आणि दुसरं गाणं सुचवा. ते ऐकतात. बहुतेकांना अर्थ माहीतच नसतो.

जिथे ते खरंच शोभतं ती जागा म्हणजे सेवानिवृत्तीचा, बदलीचा, शाळा-कॉलेज सोडण्याचा निरोप. गाणं जन्मलंही तसंच. १९६७ पासून डॉली कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गात होती. तिथून बाहेर पडून स्वतःच्या वाटेनं जायचं ठरवल्यावर १९७३ मध्ये तिनं हे त्यांच्यासाठी लिहिलं. म्हणजे सहकाऱ्याचा, गुरूसारख्या माणसाचा निरोप.

तपासा : कागदावर प्रत्येक कडव्याखाली एका वाक्यात मराठीत लिहा, ‘इथे मी कुणाला काय सांगतेय’. तिन्ही वाक्यं वेगळी हवीत. तीच ती आली तर तुम्ही अजून कोरसच गाताय.

## टप्पा ३ : पट्टी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्यावर घालवा.

ह्यूस्टनचं गाणं ए मेजरमध्ये सुरू होतं आणि शेवटचा कोरस बी मेजरमध्ये. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा, मग पांढरी सात. बाजारातले बहुसंख्य कराओके ट्रॅक याच पट्टीचे असतात. ही पट्टी एका असामान्य गळ्याच्या मापाची आहे. ती तुम्हाला बसेलच, असं मानायला काही कारण नाही.

बहुतेक जण पट्टी पहिल्या ओळीवरून ठरवतात. पहिली ओळ खालच्या स्वरांत आहे, ती कुठेही बरी लागते. मग शेवटी पाय घसरतो. म्हणून उलटं चला :

१. शेवटच्या कोरसमधला सगळ्यात उंच धरलेला स्वर शोधा. हरकती, ताना, शेवटच्या सजावटी सोडून द्या. फक्त मूळ चालीतला सर्वोच्च स्वर.

२. संध्याकाळी, दिवसभर बोलून गळा थकलेला असताना, रियाज न करता तो स्वर चार मात्रा स्थिर धरून पाहा. सकाळच्या ताज्या गळ्यावर ठरवलेली पट्टी कार्यक्रमाच्या रात्री दगा देते.

३. मान ताणली जात असेल, हनुवटी वर जात असेल, आवाज पातळ होऊन किंचाळल्यासारखा येत असेल, तर अर्धा स्वर खाली या. पुन्हा पाहा. चार मात्रा आरामात टिकेपर्यंत उतरत राहा.

४. जिथे थांबलात ती तुमची शेवटच्या कोरसची पट्टी. गाण्याची सुरुवात तिथून एक पूर्ण स्वर खाली. समजा शेवट पांढरी सहावर आला, तर सुरुवात पांढरी पाच.

५. आता पहिलं कडवं त्या सुरुवातीच्या पट्टीत गा. सगळ्यात खालचा शब्द चार पावलांवर बसलेल्या माणसाला ऐकू जातोय का? खर्जात नुसती हवा येत असेल तर पट्टी तळाशी फार खाली गेली.

वरचं आणि खालचं दोन्ही एका पट्टीत बसत नसेल, तर पट्टीची उडी काढून टाका. संपूर्ण गाणं एकाच पट्टीत गा. यात कमीपणा काही नाही; डॉलीनं तसंच गायलंय, आणि गाणं तिचंच आहे. पुरुष गायकांना हा पर्याय बहुधा घ्यावाच लागतो. ह्यूस्टनची पट्टी एक सप्तक खाली घेतली की पहिलं कडवं फार खोल जातं, ते वर काढायला पट्टी चढवली की शेवट हाताबाहेर जातो. उडी वगळली की मधली जागा सापडते.

तपासा : ठरलेली पट्टी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन्ही भाषांत लिहा : ‘पांढरी पाच / जी मेजर’. हार्मोनियमवाल्याला पहिली कळते, गिटारवाल्याला दुसरी. तालमीच्या दिवशी यावरून होणारा अर्ध्या तासाचा गोंधळ वाचतो.

सावधान : कराओके अ‍ॅपमध्ये पट्टी बदलताना एक पायरी म्हणजे अर्धा स्वर. वजा दोन म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. तीन-चार पायऱ्यांपलीकडे गेलं की ट्रॅकमधली वाद्यं कृत्रिम वाजू लागतात. तेवढा फरक लागत असेल तर वेगळा ट्रॅक शोधा किंवा गिटारवर गा.

## टप्पा ४ : गाण्याआधी बोला

पहिले चार दिवस गाऊ नका. शब्द मोठ्यानं वाचा, समोर माणूस बसलाय असं समजून. जिथे बोलताना आपोआप थांबता, तिथे पेन्सिलीनं उभी रेघ मारा. श्वासाच्या जागा याच. चालीच्या सोयीनं घेतलेला श्वास वाक्य मधेच तोडतो, आणि या गाण्यात वाक्यं साधी, सरळ असल्यामुळे तो तुटका भाग लगेच जाणवतो.

सगळ्यात जास्त चुकणारी जागा कोरसच्या तोंडाशी आहे. कोरसमध्ये शिरताना ‘अँड’ म्हणून श्वास घेतात आणि मग ‘आय’. ‘अँड’च्या आधी घ्या. ‘अँड आय’ एकत्र जायला हवं.

उच्चारांच्या तीन गोष्टी. ‘विल’, ‘ऑलवेज’ आणि ‘वे’ यांतला ‘व’ ओठ गोल करून. ‘लव्ह’मधला ‘व’ वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. आपण दोन्हीकडे एकच ‘व’ वापरतो आणि लांब ओढलेल्या स्वरावर ते उघडं पडतं. दुसरं, ‘आय’ ओढायचा असतो तेव्हा ‘आ’ ओढा; ‘ई’ अगदी शेवटी, स्वर सोडताना. ‘आईईई’ झालं की तोंड मिटतं आणि सूर चपटा होतो. तसंच ‘स्टे’, ‘वे’ यांत ‘ए’ धरायचा. तिसरं, अमेरिकन बोलीची नक्कल करू नका. टेनेसीच्या डोंगरात वाढलेल्या डॉलीला ती बोली घरची आहे. आपण स्वच्छ, साधं इंग्रजी गावं.

डॉलीचं रूप निवडलं असेल तर शेवटचं कडवं बोलायचं आहे. इथे दोन टोकं टाळा. एक म्हणजे निवेदकाचा भारदस्त आवाज, दुसरं म्हणजे हुंदका. मागे साथ चालू असते, तेव्हा बोलणं लयीतच हवं. प्रत्येक ओळ जिथे गाताना सुरू झाली असती तिथेच सुरू करा. आवाजाची पातळी गाण्यापेक्षा थोडी कमी आणि माइकच्या थोडं जवळ.

तपासा : मोबाइलवर बोललेलं रेकॉर्ड करून इंग्रजी कळणाऱ्या घरच्या माणसाला ऐकवा. कागद न दाखवता. कुठला शब्द कळला नाही, एवढंच विचारा.

## टप्पा ५ : साथीशिवायची सुरुवात

ह्यूस्टनचं रूप गाणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी थेट पुढे जावं.

पहिलं कडवं एकट्या आवाजात आहे, साथ पहिल्या कोरसमध्ये येते. मधल्या जवळपास पाऊण मिनिटात गाणारा नकळत अर्धा स्वर खाली सरकतो, आणि साथ आल्याबरोबर दोन पट्ट्या एकमेकींवर आदळतात. श्रोत्यांना कारण कळत नाही, पण काहीतरी बिनसलं हे कळतं.

आपल्याकडच्या लोकांना इथे मोठी सोय आहे : तानपुरा. अ‍ॅप तुमच्या सुरुवातीच्या पट्टीवर लावा, एकाच कानात इयरफोन घाला, आणि पहिलं कडवं तानपुऱ्यावर गा. दोन दिवसांनी तानपुरा फक्त ओळींच्या मध्ये चालू करा. मग फक्त कडव्याच्या शेवटी, तपासायला. शेवटी नुसता सुरुवातीला षड्ज ऐकून बंद करा आणि कडवं संपल्यावर पुन्हा लावा. जुळला तर काम झालं. तानपुरा फक्त याच कडव्यापुरता वापरा. कोरसमध्ये कॉर्ड बदलू लागल्या की तो अडचण करतो.

खाली सरकण्याची नेहमीची जागा म्हणजे ओळीचा शेवट. श्वास संपत आला की स्वर ओघळतो. ओळ संपायच्या आधी पोट सोडू नका, आणि ओढलेला शेवटचा स्वर श्वास उरलेला असतानाच सोडा.

लय इथे मोकळी आहे, पण मोकळी म्हणजे मनमानी नाही. आलापाइतका वेळ घेतला तर शब्द हरवतात. बोलताना जितका वेळ लागतो, त्यापेक्षा जरासा जास्त, इतकंच.

सावधान : शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना या मोकळ्या जागेत मुरकी, खटका, गमक घ्यायचा मोह होतो. ह्यूस्टनच्या लगावातही अलंकार आहेत, पण ते गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगायनाच्या, वळणाचे. आपली मुरकी तिथे उपरी वाटते. कंट्री गायकीत स्वराला बहुधा खालून अलगद भिडतात. आपली छोटी मींड त्या कामाला येते. तेवढीच ठेवा.

तपासा : स्टेजवर पहिला स्वर कोण देणार, हे आधी ठरवा. कीबोर्डवाल्यानं निवेदन चालू असतानाच हलका षड्ज द्यायचा, किंवा तुमच्या कानात तानपुरा. ‘येईल अंदाजानं’ हे चालणार नाही.

## टप्पा ६ : तीन कोरस आणि मधली शांतता

कोरसचे शब्द प्रत्येक वेळी तेच आहेत, म्हणून पहिल्याच खेपेला सगळा जोर लावला तर पुढे न्यायला काही उरत नाही. कागदावर तिन्ही कोरसपुढे आकडे लिहा : ४, ६, ९. दहापैकी जोर. पहिला जवळजवळ स्वतःशी, दुसरा समोरच्याशी, तिसरा मोकळा. दहा कधीच नाही. राखीव श्वास लागतो.

आता ती कुप्रसिद्ध उडी. ह्यूस्टनच्या मुद्रणात सॅक्सोफोन होतो, तिसरं कडवं येतं, मग सगळं थांबतं. क्षणभर पूर्ण शांतता. मग ड्रमचा एकच मोठा ठोका, आणि ‘अँड आय’ नव्या पट्टीत. गायक दोन प्रकारे चुकतो : घाईनं ठोक्याच्या आधी शिरतो, किंवा कानात जुनी पट्टी असल्यामुळे मधल्याच कुठल्यातरी स्वरावर उतरतो.

यावर सरगमचा इलाज आहे आणि तो अचूक आहे. पट्टी एक पूर्ण स्वर वर जाते, म्हणजे जुन्या पट्टीतला शुद्ध रे हाच नव्या पट्टीतला सा. तालीम अशी करा : हार्मोनियमवर जुना सा धरा, ‘सा रे’ म्हणा, रे वर थांबा. त्या रेला आता मनात सा म्हणा, आणि तिथून ‘सा ग प ग सा’ गा. मग हार्मोनियम सोडून. मग चालताना, भाजी चिरताना, कुठेही. षड्जचालन माहीत असलेल्यांना हे नवं नाही, फक्त इथे ते शांततेत आणि पटकन करायचं आहे.

मग शांततेची तालीम. तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ गा, थांबा, तोंड मिटून नाकानं श्वास घ्या, मनात रे ऐका, ठोका, शिरा. श्वास मोठा आवाज करत ओढू नका; माइकवर तो ठोक्याइतकाच ऐकू येतो आणि त्या शांततेची सगळी गंमत जाते. ठोका देणारा ड्रमर नसेल तर कुणीतरी टेबलावर हात आपटा, पण ठोक्याशिवाय तालीम करू नका. शरीराला तो लागतो.

तपासा : रोजच्या तालमीत या जागेवर सुरुवातीपासून गात येऊ नका. फक्त कडव्याची शेवटची ओळ आणि कोरसची पहिली. दहापैकी नऊ वेळा सूर नेमका लागेपर्यंत पूर्ण गाणं नको. नऊ वेळा लागत नसेल आणि कार्यक्रम चार दिवसांवर असेल, तर उडी काढा. त्या दिवशी तो निर्णय अवघड वाटतो, पण गाणं वाचतं.

## टप्पा ७ : साथ

गिटारवर ए, एफ शार्प मायनर, डी आणि ई एवढ्या चार कॉर्डमध्ये बहुतेक गाणं होतं. नवख्याला एफ शार्प मायनरचा बार (एका बोटानं सगळ्या तारा दाबणं) जड जातो. त्यानं दुसऱ्या परड्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी, ई मायनर, सी, डी हे आकार वाजवावेत, ऐकू ए मेजरच येईल. तुमची पट्टी जी मेजर असेल तर तेच आकार कॅपोशिवाय.

पण पट्टीची उडी असेल तर कॅपोची अडचण होते. क्षणभराच्या शांततेत तो दोन परडे पुढे सरकवणं जोखमीचं आहे. तार दबली नाही तर पहिलाच झंकार खरखरीत येतो. गिटारवाल्याला नव्या पट्टीचे बार कॉर्ड येत असतील तरच उडी ठेवा, किंवा शेवटचा कोरस कीबोर्डवर सोपवा.

साथीदाराला तुमचा हातानं लिहिलेला क्रम द्या, इंटरनेटवरचा नको. तुमच्या क्रमात सॅक्सोफोनचा तुकडा आहे का, तिथे काय वाजणार, किती वेळ? हा प्रश्न हटकून राहून जातो. बासरी किंवा कीबोर्ड चालेल. कुणीच नसेल तर तो तुकडा गाळा आणि दुसऱ्या कोरसवरून थेट तिसऱ्या कडव्यावर या. रिकामी गिटार खाजवत उभं राहण्यापेक्षा ते चांगलं.

ट्रॅकवर गाणार असाल तर आत्ता तो निवडा. पट्टी तुमच्या कागदाशी जुळवा, क्रम रकान्याशी पडताळा, आणि मागे मार्गदर्शक आवाज आहे का ते पाहा.

## टप्पा ८ : माइक आणि रेकॉर्डिंग

स्टेजवर : पहिलं कडवं माइकजवळ, शेवटचा कोरस वीतभर लांब. साउंडवाल्याला आधी सांगा की शेवट मोठा आहे, नाहीतर तो सुरुवातीच्या हळू आवाजावर पातळी लावून ठेवतो आणि शेवटी स्पीकर फाटतात. आवाज तपासताना पहिली ओळ आणि शेवटचा कोरस, दोन्ही गाऊन दाखवा.

घरी : पंखा बंद, फ्रिज शक्य असेल तर तेवढ्यापुरता बंद. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर किंवा मागे गोधडी टांगलेली. साथीशिवायच्या कडव्यात खोलीचा घुमारा लपवायला काहीच नसतं. साथ इयरफोनमध्ये ऐका, स्पीकरवर नको. पातळी शेवटच्या कोरसवर लावा, पहिल्या ओळीवर नाही. पहिलं कडवं आणि बाकीचं गाणं दोन वेगवेगळ्या बैठकांत रेकॉर्ड केलं तरी चालेल, पण माइकपासूनचं अंतर तेच ठेवा.

सावधान : आवाज सुरात आणणारं सॉफ्टवेअर पहिल्या कडव्यावर भरमसाट वापरू नका. साथ नसताना ते पत्र्यासारखं ऐकू येतं.

## टप्पा ९ : नाव आणि परवानगी

श्रेयाच्या ओळीत ‘व्हिटनी ह्यूस्टनचं गाणं’ लिहिणं ही सर्वांत पसरलेली चूक आहे. गीत आणि संगीत : डॉली पार्टन. ह्यूस्टनचं रूप पाया म्हणून घेतलं असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहा. एल्व्हिस प्रेस्लीला हे गाणं गायचं होतं, पण त्यासाठी प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा मागण्यात आला तेव्हा डॉलीनं नकार दिला. ज्या हक्कासाठी तिनं एवढी मोठी संधी सोडली, तो तिच्या नावासकट लिहिणं हे आपलं किमान काम आहे.

परवानगीत लोक दोन हक्क एकच समजतात. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, आणि एखाद्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा वेगळा. तुम्ही स्वतः गिटारवर गायलात तर फक्त पहिला प्रश्न उरतो. कराओके ट्रॅकवर गायलात तर ट्रॅक बनवणाऱ्याचा हक्कही मध्ये येतो. ट्रॅक विकत घेतला म्हणजे तो प्रसिद्ध करायची मुभा मिळाली असं नाही. विक्रीच्या अटी वाचा.

स्टेजवरचा कार्यक्रम असेल तर गीत-संगीताच्या जाहीर सादरीकरणाचा परवाना, उदाहरणार्थ आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणारी संस्था), आयोजकांनी घेतलाय का ते विचारा. ट्रॅकसारखं मुद्रण वाजणार असेल तर त्याची परवानगीही वेगळी पाहावी लागते.

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ३१ सी कलमात कव्हर व्हर्जनसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे : मूळ मुद्रणाचं वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षं लोटलेली असावीत, आधी सूचना द्यावी, रॉयल्टी आगाऊ भरावी आणि तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबानं. घरच्या गायकाला हे परवडणारं नाही. स्ट्रीमिंगवर टाकायचं असेल तर कव्हर गाण्याचा परवाना काढून देणाऱ्या वितरकामार्फत जा, आणि तो परवाना कुठल्या देशांपुरता आहे ते वाचून घ्या.

व्हिडिओला चित्राबरोबर गाणं जोडण्याची परवानगी वेगळी लागते. यूट्यूबवर क्लेम आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. क्लेम म्हणजे बहुधा जाहिरातीचं उत्पन्न हक्कधारकाकडे जाणं. स्ट्राइक ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. नोटीस नीट वाचून मगच काय ते करा.

चालीवर मराठी शब्द बसवायचा विचार असेल तर थांबा. भाषांतर किंवा रूपांतर हा मूळ कवीचा स्वतंत्र हक्क आहे आणि कव्हरच्या परवान्यात तो येत नाही. घरात गा, हवं तितकं गा. प्रसिद्ध करायचं असेल तर प्रकाशकाला लेखी विचारा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत रेकॉर्डिंग स्टुडिओची तारीख घेऊ नका.